हवा मोजणारे खापरेकाका

खापरेकाकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. आम्ही हिंदी मुलखातल्या अधारतालच्या या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. ट्रकमधून कपाट उतरत होतं आणि स्वेटरवर मफलर गुंडाळलेले एक सत्तरीचे गृहस्थ ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. मला वाटलं, त्यांचं काहीतरी पडलं असेल. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "डाव्या बाजूला हवा फार कमी आहे. काचेचं सामान कोणत्या बाजूला ठेवलं होतं?"

काचेचं सामान डाव्याच बाजूला होतं. सहा कपांपैकी दोन फुटले होते. काकांनी त्यांचे तुकडे हातात घेऊन पुरावा तपासावा तसे तपासले, मान हलवली आणि निघून गेले. नाव विचारलं ते पंधरा दिवसांनी, तेही माझ्या नवऱ्याला, मिलिंदला. "गाडी कोणती घेणार?" हा प्रश्न आधी आला.

आडनाव खापरे, आणि जगातल्या यच्चयावत बिघाडांचं खापर ते हवेवर फोडत. हवा म्हणजे चाकातली. कोणाची गाडी खांबाला घासली, हवा. कोणाचं सिलिंडर आणताना स्कूटर घसरली, हवा. कोणाचा जावई गाडी चालवताना चिडचिड करतो, तरी हवा तपासल्याशिवाय जावयाला दोष द्यायचा नाही. आजूबाजूचे हिंदीभाषक शेजारी त्यांना 'हवा वाले अंकल' म्हणत. नव्या माणसाला वाटे, यांचा फुग्यांचा धंदा असावा.

त्यांच्या स्वतःकडे गाडी नव्हती. एक जुनी सायकल होती. नोकरी मात्र बहुतेक गाड्यांमध्येच गेली होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयाच्या मोटार विभागात ते तीसेक वर्षं होते. शर्टाच्या ज्या खिशात त्यांच्या वयाचे लोक पेन ठेवतात, तिथे ते हवा मोजायचा पितळी गेज ठेवत. रोज पहाटे उजाडलं की ते कॉलनीतून फेरी मारत. गाडी चालली की चाक तापतं, चाक तापलं की आतला दाब वाढतो, मग खरा आकडा कळत नाही; म्हणून लोक गाड्या काढायच्या आत मोजायचं. मोजलेला पाउंडांतला आकडा ते खडूने टायरवरच लिहीत. बरोबर असेल तर नुसता आकडा. कमी असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. एका गाडीवर सलग चार दिवस 'बावीस?' होतं. पाचव्या दिवशी काकांनी त्याखाली लिहिलं, 'बायको बसते यात, तिला विचारलं का?'

लोक चिडत. दर रविवारी गाडीला शांपू लावणारे, आतून लिंबू-मिरची आणि बाहेरून चंदेरी पट्टी लावणारे, सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षं न काढणारे हे लोक. टायरवर खडू दिसला की त्यांना फार वाईट वाटे. आतली हवा दिसत नसल्यामुळे तिचं वाईट वाटत नसे.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "एक चाक रस्त्याला किती टेकतं, माहीत आहे का? पोस्टकार्डाएवढं. चार पोस्टकार्डांवर तुम्ही बायकापोरं बसवून राहिले, आणि म्यूझिक सिस्टीम कोणती घेऊ ते विचारून राहिले."

सुमतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे वाक्य सुरू झालं की स्वयंपाकघरात जात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या माणसाने लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांच्या माहेरच्या सगळ्या सायकलींची हवा भरली होती आणि बायकोशी बोलायला महिना संपल्यावर सुरुवात केली होती.

नोकरीतला एक किस्सा काका स्वतः सांगत नसत. तो मला काकूंनी सांगितला, आणि नंतर काकांनी फक्त तपशील दुरुस्त केले. त्यांच्या कार्यालयात एक मोठे साहेब आले. साहेबांची कंबर दुखायची. त्यांनी फर्मान काढलं, "गाड़ी में झटके लगते हैं। हवा कम रखो।" ड्रायव्हरने पुढच्या दोन्ही चाकांतली हवा कमी केली. गाडी गादीसारखी चालू लागली. साहेब खूश झाले. काकांनी समजावून पाहिलं की, साहेब, पुढची हवा कमी झाली की चाकं वळतात पण गाडी वळत नाही, ती सरळच जायचं म्हणते. साहेब म्हणाले, "खापरे, गाड़ी ड्राइवर चलाता है, हवा नहीं।"

हे वाक्य साहेबांना फार आवडलं असावं, कारण ते त्यांनी दोन बैठकांत पुन्हा म्हटलं.

काकांनी मग रजिस्टरमध्ये नोंद केली: साहेबांच्या आदेशावरून पुढच्या चाकांतील हवा कमी करण्यात आली आहे. गाडी वळणावर वळेल अशी अपेक्षा ठेवू नये. खाली सही. नोंद साहेबांकडे गेली, आणि त्यांनी कागद न वाचता सही करण्याच्या आपल्या शिरस्त्याप्रमाणे तिच्यावर सही केली.

महिन्याभराने पाटणच्या रस्त्यावर एका वळणावर ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं, गाडीने ते मनावर घेतलं नाही, आणि साहेब मटारच्या शेतात गेले. लागलं कोणालाच नाही. शेतकऱ्याने साहेबांना पाणी दिलं, सोबत शेंगा दिल्या. चौकशीला तीन जणांची समिती बसली. समितीने वळणाची पाहणी केली, वळणाचा फोटो काढला, आणि वळण 'अनपेक्षित' असल्याचा निष्कर्ष काढला. मग कोणालातरी ते रजिस्टर सापडलं. त्यात साहेबांची सही होती, त्यामुळे त्या बाजूने काही करता येत नव्हतं. उरले खापरे. धोक्याची पूर्वकल्पना असूनही ती केवळ लेखी दिल्याबद्दल त्यांची बदली स्टेशनरी विभागात झाली.

"केवळ लेखी म्हणजे?" मी काकांना विचारलं होतं.

"म्हणजे ओरडून सांगायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "ते बरोबरच होतं त्यांचं. पुढच्या वेळी मी लिहिणार नव्हतो."

त्या वेळी मी हसले. पुढची वेळ खरंच येईल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही गाडी घेतली त्या दिवशीचा प्रसंग आमच्या घरात अजून निघतो. शोरूममधून आणलेली गाडी दारात उभी होती. गुरुजी बोनेटवर स्वस्तिक काढत होते, सासूबाई ताट घेऊन उभ्या, चारी चाकांखाली लिंबं. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला कुठून तरी 'सुंऽऽ' असा आवाज येऊ लागला. गुरुजी थांबले.

"हा कसला आवाज?" सासूबाईंनी विचारलं.

"पंचेचाळीस आहे, वहिनी," मागच्या चाकामागून खापरेकाका बोलले. "गोदामात उभ्या ठेवायच्या म्हणून कंपनी जास्त भरते. कोणी काढत नाही. तीसवर आणून राहिलो. तुम्ही आरती चालू द्या."

"अहो, शुभ कार्यात हवा काय काढता?"

"एवढी ठेवली तर गाडी बेडकासारखी उडेल. टायर मधल्या पट्टीवरच चालेल, कडा टेकणारच नाहीत. मग वळणावर धरायचं कशाने?"

सासूबाईंनी ताट मिलिंदच्या हातात दिलं आणि आत गेल्या. आरती गुरुजींनी एकट्याने पुरी केली. गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडली तेव्हा काका बाजूला उभे राहून म्हणाले, "गाडीला वजन आहे एवढं सिद्ध झालं."

मी एका हिंदी माध्यमाच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हे काकांना कळल्यावर माझी धडगत राहिली नाही. "मॅडम, तुम्ही दाब शिकवता. म्हणजे क्षेत्रफळ, बल, सगळं. मग सांगा, तुमच्या गाडीच्या दाराच्या कडेला जो कागद चिकटवलाय त्यावर पुढचा आकडा काय आहे?" मी दहा वर्षं मुलांकडून दाबाची व्याख्या पाठ करून घेत होते, तो कागद मी पाहिलाही नव्हता. पाच माणसं आणि सामान असेल तर मागे जास्त हवा घालायची असते, हेही त्यावर छापलेलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ते मला एका रिकाम्या मैदानात घेऊन गेले. तिथे त्यांनी चार विटा मांडून एक वळण आखलं, पुढच्या चाकांची हवा पुष्कळ कमी केली आणि शेजारी बसले. "हळू. पंचवीसच्या वर नाही. वळवा."

मी वळवलं. स्टिअरिंग जड लागलं. चाकं वळलेली कळत होती, पण गाडी विटांच्या बाहेर बाहेर सरकत होती. रागावलेलं मूल हाक मारूनही सरळ चालत राहतं, तशी.

मग त्यांनी पायपंपाने पुढची भरली. स्वतःच भरली, मला हात लावू दिला नाही. आणि मागची तेवढीच कमी केली. "आता."

आता नाक झटकन आत गेलं. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मागून कोणी पदर ओढावा तसा गाडीचा मागचा भाग बाहेर झुकला. पंचवीसच्या वेगात तो नुसता झुकला. पण माझे हात आपोआप घट्ट झाले.

"हे आवडतं लोकांना," काका म्हणाले. "गाडी चपळ वाटते. पहिली गाडी वळत नाही, ते आधी कळतं. ही मात्र वळते, वळते, आणि मग जास्तच वळते. तेव्हा कळून उपयोग नसतो." मग म्हणाले, "आमचा धाकटा साला असाच आहे."

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी हवा बघू लागले. नववीच्या वर्गात मुलांना सायकलींची हवा बघायला लावली. मुख्याध्यापकांनी हे अभ्यासक्रमात कुठे बसतं ते विचारलं. मी 'दाब' म्हटलं, तर ते म्हणाले, वह्या पूर्ण झाल्या का?

पुढची वेळ आली ती पाग्यांच्या रूपाने. शिरीष पागे कॉलनीच्या समितीचे सचिव. त्यांनी उंच, मोठी गाडी घेतली होती आणि ती घेतल्यापासून ते पायी चालणाऱ्यांशी थोडं वाकून बोलत. त्या गाडीत हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागायचा. पाग्यांच्या गाडीत तो दिवाळीपासून लागलेला होता. "थंडीमुळे लागतो तो," ते सांगत. होळीच्या सुमारासही लागलेलाच होता, तेव्हा त्यांनी त्यावर गणपतीचं स्टिकर लावलं.

त्यांच्या मुलीचा साखरपुडा नागपूरला ठरला. सकाळी साडेसहाला निघायचं होतं. गाडीत सहा जण, मागे फराळाचे डबे, वर कॅरिअरवर बॅगा आणि एक स्टीलची टाकी. टाकी कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही निरोप द्यायला फाटकाशी उभे होतो. खापरेकाका आले, डाव्या मागच्या चाकाशी बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"अठरा आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांत तीस. आणि आतल्या कडेला चीर गेलीय, हात लावून बघा. हे भरूनही चालायचं नाही. बदला."

"काका, मुहूर्त साडेबाराचा आहे," पागे म्हणाले. "वाटेत बघतो."

"सिवनीच्या पुढे वळणं आहेत. वर एवढं सामान, आत सहा जणांचं वजन. पहिल्याच वळणाला मागची बाजू बाहेर येईल. वाटेत बघायला तुम्ही असाल का?"

हे वाक्य बोलायला नको होतं. शुभकार्याला निघताना असं बोलतात का, असं पाग्यांच्या आई म्हणाल्या. पागे हसून म्हणाले, "चलो, बैठो सब. काका, तुम्ही गाडी चालवली ती सरकारी. आता गाड्यांमध्ये सगळं ऑटोमॅटिक असतं." आणि ते आत बसले.

काकांनी खिशातून एक लहानशी किल्ली काढली, व्हॉल्व्हमध्ये घातली आणि दोन वेळा फिरवली. हवा अडवून धरणारा आतला बारीक तुकडा त्यांच्या तळहातावर आला. चाक सावकाश खाली बसलं, आणि गाडी त्या कोपऱ्यावर टेकली.

 मग सगळे एकदम बोलले. पाग्यांचा आवाज सर्वांत वरचा होता. काका तो तुकडा खिशात घालून उभे राहिले.  ते म्हणाले, "आता स्टेपनी लावा."

स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा जवळजवळ नव्हतीच. ती कोणी कधी पाहिलेली नव्हती. शेवटी गोहलपुरातून पंक्चरवाले हमीदभाई आले, टायर उतरवला, उलटा केला. आतल्या बाजूला धागे बाहेर आले होते आणि चिरेत त्यांचं बोटाचं पेर आत गेलं. हमीदभाई पाग्यांना म्हणाले, "साहब, ये टायर आपको लेके नहीं जा रहा था। आप इसको लेके जा रहे थे।" पाग्यांनी त्यांना लवकर आटपायला सांगितलं. नवा टायर आणून, बसवून, निघायला नऊ वाजले. नागपूरला पोचेस्तोवर मुहूर्त टळला. तिकडच्या गुरुजींनी पंचांग चाळून तीन मिनिटांत दुसरा मुहूर्त काढला, जो पहिल्यापेक्षा उत्तम होता. साखरपुडा झाला. पण मुलाकडच्यांची जेवणं उरकली होती, आणि पाग्यांना पुऱ्या थंड मिळाल्या.

पुऱ्यांवरून समितीची बैठक बसली. दुसऱ्याच्या वाहनाची हवा सोडणे हा विषय होता. टायरचा विषय नव्हता. एकाने विचारलं, अपघात झाला असता हे कशावरून? अपघात झालाच नव्हता, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. खापऱ्यांनी लेखी माफी मागावी असा ठराव आला. हात वर करायला सांगितले. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. विटांच्या मधून गाडीची मागची बाजू कशी निघते, ते मी हातांनी अनुभवलं होतं. मी उठून चार वाक्यं बोलू शकले असते. पण पाग्यांशी रोजचा संबंध, पाण्याच्या टँकरची यादी त्यांच्याकडे. मी हात वर केला नाही. खालीही ठेवला नाही, कानामागचे केस सारखे करत राहिले. ठराव मंजूर झाला.

काकांनी माफीनामा लगेच, तिथेच बसून लिहिला: मी श्री. पागे यांच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकातील हवा सोडली, याबद्दल दिलगीर आहे. ती अठराच पाउंड असल्याने फारसा वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. बोलायचं काय ते ठरवून गेले होते, ते जमलं नाही. म्हटलं, "काका, काल मी काहीच बोलले नाही."

"बघितलं मी," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे सरकवून, "तुमचं काही चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही, मॅडम. चहा घ्या."

काकू चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "मुलगी सुखरूप पोचली ना? झालं तर. आता थंड पुऱ्यांचं काहून घेऊन बसले सगळे?" त्या घरातला हवेबद्दलचा एवढा अनुकूल अभिप्राय काकांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. ते चहा प्यायचे थांबले.

त्यानंतर काकांची पहाटेची फेरी बंद झाली. माफीनाम्यात तशी अट नव्हती, त्यांनीच बंद केली. टायरवरचा खडू गेला, आणि कॉलनी स्वच्छ दिसू लागली. पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी मी गोहलपुरात हमीदभाईंकडे हवा भरायला गेले, तर पागे तिथे. चारी चाकं आणि स्टेपनीसुद्धा तपासून घेत होते. मला पाहून जरा गडबडले. म्हणाले, "इथे बाजूला खोव्याची जिलेबी चांगली मिळते."

हमीदभाई म्हणाले, "साहब हर महीने आते हैं जलेबी खाने।"

मी हे काकांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "गाडी चालवत गेले होते ना? म्हणजे चाकं गरम. आकडा चुकीचा येईल. सांगा त्यांना."

मी सांगितलं नाही. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

मागच्या हिवाळ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणायला सांगितली. पलंगाच्या पायाशी टांगलेला एक छोटा पंप घरघरत असतो. गादीच्या पट्ट्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात. काकूंना हे यंत्र कोणी नीट समजावून दिलं नव्हतं. देणारा माणूस बटण दाखवून, "सब सेट है, माताजी," म्हणून गेला होता.

मी भेटायला गेले तेव्हा काका डोळे मिटून पडले होते. गादी फुगून दगडासारखी झाली होती. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि डाव्या हाताने गादीवर दोनदा थापटलं. बोलायचा प्रयत्न केला. शब्द नीट लागेना. "जा... जास्त," असं काहीतरी.

मला कळायच्या आत काकू उठल्या. पंपाशी वाकून त्यांनी बटण थोडं मागे फिरवलं, थांबल्या, आणखी थोडं फिरवलं. गादी हळूहळू मऊ झाली. मग पदर खोचून त्या पलंगाशी बसल्या आणि आपला उजवा हात गादीच्या खालून, काकांच्या कमरेखालपर्यंत सरकवत नेला. डोळे मिटून, बोटांनी अंदाज घेत, त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कंबर खाली टेकत नाही," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे आता."

काकांनी मान हलवली, आणि झोपून गेले.